नाताळच्या सिनेमाला तारे कोण देतं?

1946 चा उन्हाळा. कॅलिफोर्नियातल्या एन्सिनो भागात आर.के.ओ. स्टुडिओची मोकळी जमीन उन्हाने तापलेली आहे, आणि त्या जमिनीवर एक अख्खं गाव बर्फाने माखून उभं आहे! चार एकरांचा पसारा, लांबलचक बाजारपेठ, पंच्याहत्तर दुकानं नि इमारती, दुसरीकडून आणून लावलेले वीस भलेमोठे ओक वृक्ष. पुलावर अभिनेता जेम्स स्टुअर्ट उभा आहे. कथेप्रमाणे ही नाताळची आदली रात्र आहे, थंडी कडाक्याची आहे. पण त्याचा चेहरा जरा निरखून बघा. घामाने डबडबलाय!

हा दिग्दर्शक फ्रँक काप्रा यांचा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’. आज अमेरिकेत नाताळच्या कौटुंबिक सिनेमांची यादी करायला कुणीही बसलं की हे नाव पहिल्या काहींत येतंच. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने 2006 मध्ये उमेद देणाऱ्या शंभर अमेरिकी चित्रपटांची यादी केली, तेव्हा पहिला क्रमांक याचाच होता. आणि प्रदर्शित झाला तेव्हा? तिकीटबारीवर आपटला होता. स्टुडिओच्या हिशेबात सव्वापाच लाख डॉलरचा तोटा लागला. पाच ऑस्कर नामांकनं मिळाली, पण त्यांतलं एकही पदरात पडलं नाही. ‘न्यू यॉर्क टाइम्स’च्या समीक्षकाला तो फार भाबडा वाटला.

म्हणजे सिनेमा तोच, त्यातली एकही चौकट बदललेली नाही, आणि निकाल मात्र पार उलटा. हे झालं कसं? नाताळच्या सिनेमाची परीक्षा नेमकी कोण घेतं, आणि कधी?

आधी त्या बर्फाकडे वळू, कारण अचंब्याची सुरुवात तिथूनच होते. त्या काळी हॉलिवूडमध्ये पडणारा बर्फ म्हणजे बहुतेकदा पांढरे रंगवलेले कॉर्नफ्लेक्स. दिसायला छान, पण पायाखाली आले की कुरुमकुरुम आवाज! नायक-नायिका हळुवार बोलतायत आणि ध्वनिमुद्रणात मात्र कुणी चिवडा खातंय असं वाटावं. मग संवाद पुन्हा वेगळे मुद्रित करायचे. काप्रांना ते नको होतं. त्यांना संवाद जागच्या जागी, जिवंत हवे होते. तेव्हा रसेल शर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आग विझवायच्या फेसात साबण आणि पाणी मिसळलं आणि ते मिश्रण दाबाखाली मोठ्या पंख्यांच्या झोतात सोडलं. हलके, ओलसर, आवाज न करणारे कण अलगद खाली येऊ लागले. असं सुमारे 6,000 गॅलन मिश्रण वापरलं गेलं. अभिनयाचं, दिग्दर्शनाचं ऑस्कर हुकलं, पण या खोट्या बर्फाच्या युक्तीला अकादमीने 1949 मध्ये तांत्रिक पुरस्कार दिला!

आता कथेकडे या. ती नाताळची म्हणावी का, इथपासून प्रश्न आहे. जॉर्ज बेली नावाचा भला माणूस. जग फिरायचं त्याचं स्वप्न, पण प्रत्येक वेळी कुणाच्या तरी अडचणीपायी तो गावातच अडकतो. वडिलांची छोटी कर्जसंस्था चालवतो, गरिबांना घरं बांधायला पैसे देतो. नाताळच्या आदल्या दिवशी संस्थेचे 8,000 डॉलर गहाळ होतात आणि जॉर्ज जीव द्यायला पुलावर जातो. मग क्लॅरेन्स नावाचा, अजून पंखही न मिळालेला देवदूत त्याला दाखवतो, की तू जन्मलाच नसतास तर या गावाचं काय झालं असतं.

आत्महत्येच्या कड्यावर उभा असलेला नायक, आणि हा कौटुंबिक सिनेमा! शिवाय ते पैसे दडपणारा धनाढ्य पॉटर शेवटी मोकळाच सुटतो. पडद्यावरच्या गुन्हेगाराला शासन झालंच पाहिजे असा हॉलिवूडचा दंडक असतानाच्या काळातली ही गोष्ट आहे. महायुद्ध नुकतंच संपलं होतं. जॉर्ज झालेला स्टुअर्ट स्वतः जर्मनीवर बॉम्बफेकी विमानं उडवून परतला होता आणि त्याचा युद्धानंतरचा हा पहिलाच सिनेमा. पुलाजवळच्या खानावळीत देवाची करुणा भाकताना त्याच्या डोळ्यांत जे दिसतं, ते पाहून 1946 चा प्रेक्षक अवघडला असेल तर नवल नाही.

त्यात आणखी एक ‘समीक्षक’ मैदानात उतरला. कोण असेल? एफबीआय! 1947 च्या एका टिपणात या सिनेमावर कम्युनिस्ट प्रचाराचा संशय घेतलेला आढळतो. कारण? सावकाराला खलनायक दाखवलंय. ज्या काप्रांनी युद्धात अमेरिकी सैन्यासाठी ‘व्हाय वुई फाइट’ ही प्रचारपटांची मालिका केली, त्यांच्याच सिनेमावर हा शेरा.

आणि तो नाताळात प्रदर्शित झाला हासुद्धा निव्वळ योगायोग. बेत जानेवारी 1947 चा होता. पण त्या वर्षीच्या ऑस्करमध्ये बसावा म्हणून घाईघाईने 20 डिसेंबर 1946 ला न्यू यॉर्कमध्ये त्याचा पहिला खेळ झाला. पुढे काप्रांनीच सांगितलं, की ही कथा हाती आली तेव्हा ती नाताळची आहे असं त्यांच्या मनातही नव्हतं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पडलेले सिनेमे डब्यात जातात, हाही गेला. मग 1974 उजाडलं.

तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात सिनेमाचा कॉपीराइट 28 वर्षांचा असे. मुदत संपताना अर्ज केला की आणखी 28 वर्षं मिळत. 1946 मध्ये 28 मिळवा. बरोबर 1974. हक्क ज्या कंपनीकडे होते, तिथे कार्यालयीन चुकीमुळे तो अर्ज भरायचा राहून गेला. एक कागद! आणि सिनेमा सार्वजनिक मालकीचा होऊन गेला.

आता अमेरिकेतल्या लहान-मोठ्या दूरचित्रवाणी केंद्रांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. डिसेंबर आलाय, वेळापत्रकात मोकळे तास आहेत, खिशात पैसे नाहीत, आणि एक सव्वादोन तासांचा, मोठ्या नटांचा, शेवटी घंटा नि झगमगतं झाड असलेला सिनेमा फुकट मिळतोय. कोण सोडेल? एकाच संध्याकाळी तो वेगवेगळ्या वाहिन्यांवर लागू लागला. दुपारी लागे, मध्यरात्री लागे. लोक अर्ध्यातून बघत, पुन्हा बघत, पोरांना घेऊन बघत. ज्या पिढीने तो थिएटरात पाहिलाच नव्हता, ती पिढी त्याच्यासकट वाढली. आपल्याकडे ‘सूर्यवंशम’चं काय झालं ते आठवलं, तर वाहिनीवरच्या पुनरावृत्तीची ताकद वेगळी समजवायला नको.

पण फक्त फुकट होता म्हणून लोकांनी तो डोक्यावर घेतला का? मुळीच नाही. फुकटचे सिनेमे त्या काळात ढिगाने होते, ते कुणाला आठवतायत? फुकटपणामुळे सिनेमाला दुसरी संधी मिळाली. ती निभावली सिनेमानेच.

आता या गोष्टीचा कळस ऐका. ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’चं मूळ म्हणजे फिलिप व्हॅन डोरेन स्टर्न या लेखकाची छोटीशी कथा. 1938 मध्ये ती सुचली, 1943 मध्ये पुरी झाली, आणि एकाही प्रकाशकाने घेतली नाही. शेवटी स्टर्न यांनी पदरमोड करून तिच्या 200 प्रती छापल्या आणि त्या डिसेंबरात नाताळची भेट म्हणून आप्तेष्टांना पाठवल्या. त्यांतली एक फिरत फिरत हॉलिवूडला पोचली आणि आर.के.ओ.ने तिचे हक्क 10,000 डॉलरला घेतले. आता 1990 मध्ये या. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हिचकॉकच्या ‘रिअर विंडो’च्या खटल्यात निकाल दिला, की मूळ कथेचा कॉपीराइट जिवंत असेल तर कथेच्या मालकाला डावलून सिनेमा वापरता येणार नाही. ‘रिअर विंडो’चा नायक कोण? जेम्स स्टुअर्टच! या निकालाचा आधार घेऊन 1993 मध्ये रिपब्लिक पिक्चर्स या कंपनीने ‘वंडरफुल लाइफ’वर पुन्हा हक्क सांगितला, कारण स्टर्न यांच्या कथेच्या कॉपीराइटचं नूतनीकरण वेळेवर झालेलं होतं. कुणी न छापलेल्या त्या भेटपुस्तिकेने सिनेमा जन्माला घातला आणि पन्नास वर्षांनी त्याला मालकही मिळवून दिला. पुढच्याच वर्षी त्याच्या प्रक्षेपणाचे हक्क एनबीसीकडे गेले आणि फुकटचा काळ संपला. पण तोवर निकाल लागून गेला होता.

हा एकट्या सिनेमाचा अपवाद असेल, असं वाटतंय? मग ‘मिरॅकल ऑन थर्टीफोर्थ स्ट्रीट’ घ्या. न्यू यॉर्कच्या मेसीज या दुकानात सांताक्लॉज म्हणून कामाला लागलेला एक म्हातारा म्हणतो, की मी खरोखरच सांता आहे, आणि प्रकरण थेट कोर्टात जातं. याहून नाताळी सिनेमा तो कुठला? पण स्टुडिओचे प्रमुख डॅरिल झानक यांचं म्हणणं पडलं, की उन्हाळ्यात लोक सिनेमाला जास्त जातात. म्हणून तो 1947 च्या ऐन उन्हाळ्यात लावला आणि जाहिरातींत नाताळचं नावही येऊ दिलं नाही! त्यातली मिरवणूक 1946 ची मेसीजची खरीखुरी मिरवणूक आहे, आणि तिच्यात सांता होऊन बसलेले एडमंड ग्वेन पुढे याच भूमिकेसाठी ऑस्कर घेऊन गेले.

आणि याचं मूल्यमापन? सिनेमांची नैतिकता तपासणाऱ्या कॅथलिक ‘लीजन ऑफ डिसेन्सी’ने त्याला ‘बी’ श्रेणी दिली. म्हणजे काही अंशी आक्षेपार्ह. हिंसा नाही, शिवीगाळ नाही, मग आक्षेप कशावर? नायिका घटस्फोटित आहे आणि नोकरी करून मुलगी वाढवते आहे. ज्या श्रेणीने 1947 मधल्या आईबापांना सावध केलं, ती आज वाचून हसू येतं. श्रेणी सिनेमाबद्दल थोडं सांगते, आणि ती देणाऱ्या काळाबद्दल बरंच.

वयाच्या श्रेणीची गंमत तर याहून मोठी. 1984 मध्ये अमेरिकेत ‘ग्रेमलिन्स’ आला. बर्फ, दिवे, झाडाखाली भेटवस्तू, गोंडस प्राणी. आईबाप पोरांना घेऊन गेले, आणि बघतात तो काय, गोंडस प्राण्यांची भुतं झाली आणि त्यांतलं एक स्वयंपाकघरातल्या मिक्सरमध्ये गरगर फिरलं! श्रेणी होती ‘पीजी’, म्हणजे पालकांनी मार्गदर्शन करावं इतकंच. त्याच्या काही आठवडे आधी ‘इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम’ आला होता, त्यालाही ‘पीजी’, आणि त्यात आपले अमरीश पुरी जिवंत माणसाच्या छातीत हात घालून काळीज बाहेर काढत होते. पालक खवळले. पहिल्या सिनेमाचे कार्यकारी निर्माते आणि दुसऱ्याचे दिग्दर्शक असलेल्या स्टीव्हन स्पीलबर्गनीच मधली एक श्रेणी काढायला सुचवलं, आणि 1 जुलै 1984 पासून ‘पीजी-13’ अस्तित्वात आली. आपल्याकडे 2024 मध्ये ‘यूए’चे 7, 13 आणि 16 असे तीन वयोगट झाले, त्यामागेही विचार तोच. सात वर्षांचं पोर आणि पंधरा वर्षांचं पोर एकाच सूचनेखाली कसं बसवायचं?

आता इंटरनेटवरच्या टक्क्यांकडे या. ‘रॉटन टोमॅटोज’वर एखाद्या सिनेमापुढे 90 टक्के दिसले की आपण काय समजतो? शंभरापैकी नव्वद गुण. पण तसं नाही! त्याचा अर्थ इतकाच, की नव्वद टक्के समीक्षकांना तो एकंदरीत बरा वाटला. शाळा ‘आमचा निकाल शंभर टक्के’ असा फलक लावते, तेव्हा सगळी पोरं पास झाली एवढंच कळतं, कुणाला पस्तीस पडले नि कुणाला पंच्याण्णव हे कळत नाही, तसंच. प्रत्येक समीक्षकाने पाचापैकी तीन तारे दिलेला मिळमिळीत सिनेमा शंभर टक्के मिळवू शकतो. आणि निम्म्यांनी जीव ओवाळून टाकलेला, निम्म्यांनी झिडकारलेला सिनेमा पन्नासावर अडकतो. पुढे ज्यांची पारायणं होतात असे सिनेमे कधी कधी या दुसऱ्या ढिगातून निघतात.

मग समीक्षक चुकतात का? ‘होम अलोन’चं उदाहरण बघा. 1990 मध्ये रॉजर ईबर्ट या नामांकित समीक्षकाने त्याला चारापैकी अडीच तारे दिले. घरी एकटं राहिलेलं आठ वर्षांचं पोर चोरांसाठी असले सापळे रचेल हे त्यांना पटेना. म्हणणं खोटं आहे का? अजिबात नाही! डोक्यात इस्त्री पडलेला चोर पुन्हा उठून जिने चढतो, यात शक्य काय आहे? पण सुमारे 1 कोटी 80 लाख डॉलरच्या त्या सिनेमाने जगभरात 47 कोटींहून जास्त कमावले, आणि 2023 मध्ये तो अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत जाऊन बसला.

ईबर्टनी एकदा पाहून, एकट्याच्या डोळ्यांनी उत्तर दिलं होतं. नाताळच्या सिनेमाला विचारला जाणारा प्रश्न वेगळा असतो. दहाव्यांदा, आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांबरोबर बघताना तो टिकतो का?

‘होम अलोन’ टिकतो, आणि का ते उलगडून बघण्यासारखं आहे. सापळ्यांची धमाल येते शेवटच्या अर्ध्या तासात. त्याआधीचा एक तास दिग्दर्शक ख्रिस कोलंबस आपल्याला त्या घराची ओळख करून देतो. जिना कुठे, तळघर कुठे, मागचं दार कुठे. म्हणून चोर आत शिरतात तेव्हा पुढे काय होणार ते पोरांना चोरांच्या आधी कळतं. जरा भिंतींकडेही लक्ष द्या. कागद, पडदे, गालिचे, स्वयंपाकघर, जिकडेतिकडे लाल आणि हिरवा. नाताळचे दोन रंग सबंध घरभर पेरलेत आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. आणि खरी करामत म्हणजे त्यात दोन सिनेमे आहेत. आठ वर्षांच्या मुलासाठी ती एकट्याने घर राखण्याची मौज आहे. चाळिशीतल्या बाईसाठी ती विमानतळांवरून धडपडत लेकराकडे निघालेल्या आईची गोष्ट आहे. ज्या पोरांनी 1990 मध्ये घर राखणाऱ्या छोट्या केव्हिनसाठी टाळ्या वाजवल्या, ती आज आईच्या प्रवासात हळवी होतात. सिनेमा तिथेच उभा राहिला, प्रेक्षक एका गोष्टीतून दुसरीत सरकला!

‘द मपेट ख्रिसमस कॅरोल’चंही असंच. 1992 मध्ये आला, कमाई बेताची झाली, आणि घरोघरच्या व्हिडिओ कॅसेटींनी त्याला मोठं केलं. चार्ल्स डिकन्सची 1843 ची कथा, कलाकार कापडी बाहुल्या, आणि मध्ये कवडीचुंबक स्क्रूज झालेले मायकल केन. केन यांनी ठरवलं, की बाहुल्यांकडे बघून हसायचं नाही, शेक्सपिअरचं नाटक करतो तसं गंभीर राहायचं. खाली बाहुलीकार लपावेत म्हणून जमीन उंचावर बांधलेली, मधल्या फळ्या काढलेल्या, आणि केन उरलेल्या अरुंद फळ्यांवरून तोल सांभाळत चालतायत. पडद्यावर यातलं काही दिसतं का? मुळीच नाही. पोरं बाहुल्यांतल्या बेडकाकडे बघून खिदळतात, मोठ्यांचा घसा दाटतो.

ही पुनरावृत्ती देशोदेशी किती विलक्षण रूपं घेते! स्वीडनमध्ये 1960 च्या सुमारापासून दर 24 डिसेंबरला दुपारी तीन वाजता डोनल्ड डकचा तोच जुना कार्यक्रम लागतो आणि घरंच्या घरं तेव्हा हातचं काम टाकून टीव्हीपुढे बसतात. नॉर्वेत सिंड्रेलाच्या कथेवरची, चेकोस्लोव्हाकिया आणि पूर्व जर्मनीची 1973 ची सहनिर्मिती असते. तिच्यातला काही बर्फ म्हणजे माशांची भुकटी होती आणि तिच्या वासाने कलाकार हैराण झाले होते. नॉर्वेजियन आवृत्तीत राजकुमार, सावत्र आई, खुद्द सिंड्रेला, सगळ्यांचे संवाद कनूट रीसान या एकाच पुरुषाच्या आवाजात आहेत. कुठल्याही समीक्षकाने याला शून्य द्यावं. नॉर्वेत मात्र तो आवाज ऐकल्याशिवाय नाताळ लागत नाही.

तर या सिनेमांना गुण द्यायचे कसे? माझ्या मते तीन प्रश्न पुरतात. वेगवेगळ्या वयांना त्यात वेगवेगळी गोष्ट सापडते का? शेवट ठाऊक असूनही तो यावासा वाटतो का? आणि गोडव्याच्या आधी त्यात खरा अंधार आहे का? तिसऱ्या प्रश्नावर बरेच सिनेमे गळतात. नुसत्या दिव्यांच्या माळा नि बर्फ दाखवणारे सिनेमे पुढच्या वर्षी कुणी मागत नाही.

या मापाने माझा निकाल असा. ‘मिरॅकल ऑन थर्टीफोर्थ स्ट्रीट’ला पाचापैकी चार. कोर्टातली युक्ती फक्कड, अंधार थोडा कमी. ‘होम अलोन’लाही चार, पण लहान भावंडं सापळ्यांचे प्रयोग घरात करणार नाहीत याची खात्री करून घ्या. ‘मपेट ख्रिसमस कॅरोल’ला साडेचार, आणि घरात सहा-सात वर्षांची मुलं असतील तर सुरुवात यानेच करा. ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ला पाच. मात्र मुलं दहा-बारा वर्षांची होऊ द्या, सोबत बसा, आणि पुलावरच्या प्रसंगानंतर त्यांनी काही विचारलं तर सिनेमा थांबवून उत्तर द्या.

पण माझे तारे घेऊन तुम्ही काय करणार? या डिसेंबरात यांतला एक लावा आणि संपल्यावर लगेच गुण देऊ नका. वर्षभर थांबा. पुढच्या डिसेंबरात घरातल्या कुणी आपणहून ‘तो लावू या ना’ म्हटलं, की मग खुशाल पाच तारे द्या.